ब्रेकवर नसलेला पाय

पाथरीच्या एसटी आगारात भागवतराव एकोणतीस वर्षं ड्रायव्हर होते. गाडी ताब्यात घेण्याआधी ते तिच्याभोवती एक फेरी मारत, चाकांवर लोखंडी टॉमी आपटून आवाज ऐकत आणि मग खिडकीशी दोरीनं बांधलेली तक्रारवही उघडत. आदल्या ड्रायव्हरनं तिच्यात लिहिलेलं असे: ब्रेक डावीकडं ओढतो. समोर मेकॅनिकनं लिहिलेलं असे: केलं. खाली सही. बहुतेक वेळा ती नागसेनची असे. ती सही दिसल्याशिवाय भागवतराव गाडीवर चढत नसत. प्रवासी पत्रा बडवू लागले, साहेब बाहेर येऊन ओरडले, तरी नाही. मग नागसेन चिंध्यांनी हात पुसत येई, सही करी आणि म्हणे, "घ्या, लिहून दिली माझी सगळी जायदाद तुमाला. आता तरी जाताल?"

एकोणतीस वर्षांत एकही अपघात नाही. त्याचा बिल्ला घरात देवाच्या फळीवर होता, आणि त्यांची बायको कोकिळाबाई दर सणाला देवांबरोबर तोही चिंचेनं घासत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी पांढरी मोटार घेतली. घ्यायचं कारण एकच होतं. लेक राजेश्री सेलूला दिली होती. तिला दिवस गेले की सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आणायची, आणि आणायची ती स्वतः चालवून, स्वतःच्या गाडीत. "आयुष्यभर लोकांच्या लेकी माहेरी आणल्या," ते म्हणत. "एक आपली आणायची ऱ्हायली."

मोटारीच्या कप्प्यात त्यांनी शंभर पानी वही ठेवली. रेघा मारून रकाने पाडले: तारीख, तक्रार, दुरुस्ती, सही. पहिले आठ महिने एकाच रकान्यात एकच शब्द होता: नाही.

मग एका सकाळी गाडी चालू करताच समोरच्या पडद्यावर इंग्रजी मजकूर आला. भागवतरावांनी अक्षरं जुळवत वाचला. नवीन अपडेट आलं आहे, त्यात सुरक्षेच्या सुधारणा आहेत, चाळीस मिनिटं गाडी वापरता येणार नाही. खाली दोन चौकोन होते. एक आता, एक नंतर. त्यांना वाटलं, कंपनीनं पाठवलंय म्हणजे तिकडं कुणीतरी तपासलं असणार, कुणीतरी सही केली असणार. त्यांनी 'आता'वर बोट ठेवलं, खाली उतरले आणि चाळीस मिनिटं गाडीशेजारी उभे राहिले, जसे आगारात दुरुस्तीच्या खड्ड्यावर चढवलेल्या गाडीशेजारी उभे राहत.

त्या दिवसापासून मागचं दाखवणारा कॅमेरा काळा झाला. घड्याळ साडेपाच तास मागं गेलं. त्यांनी परभणीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. "पुढच्या अपडेटमध्ये होऊन जाईल सर," तिकडून उत्तर आलं. पंधरा दिवसांनी पुढचं अपडेट आलं. कॅमेरा दिसू लागला, घड्याळही बरोबर झालं. भागवतरावांनी वहीत लिहिलं, दुरुस्ती झाली. सहीचा रकाना कोरा ठेवला. कुणाची घ्यायची ते त्यांना कळेना.

आणखी तीन दिवसांनी ते कोकिळाबाईंच्या थोरल्या बहिणीला, दगडाबाईंना, मानवतहून पाथरीला आणत होते. दुपारची वेळ. रस्ता मोकळा, नवा. समोरून कापसाची ट्रॉली येत होती, तिच्या बाजूनं, सावकाश. कोकिळाबाई पुढं बसल्या होत्या. बहिणीनं दिलेल्या बोरांची पिशवी त्यांच्या मांडीवरून घसरली आणि बोरं घरंगळत भागवतरावांच्या पायांशी गेली.

"पायडलखाली जाऊ देऊ नको," ते म्हणाले.

कोकिळाबाईंनी छातीवरचा पट्टा सैल ओढला आणि वाकून त्यांच्या पायांशी हात घातला. तेवढ्यात गाडी थांबली. कुणी थांबवली नाही, ती थांबली. भिंतीवर गेल्यासारखी. पडद्यावर लाल खूण पेटली, काहीतरी किंचाळलं. कोकिळाबाईंचं डोकं गिअरवर आपटलं. मागं दगडाबाई पट्टा न लावता मांडी घालून बसल्या होत्या. त्या पुढच्या सीटवर आल्या आणि त्यांच्या मनगटाचं हाड मोडलं. ट्रॉली शेजारून निघून गेली. ट्रॉलीवाल्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मी ब्रेक दाबला न्हाई," भागवतराव म्हणाले. "अक्का, मी दाबलाच न्हाई."

"मंग काय माझ्या सासऱ्यानं दाबला का?" दगडाबाई मनगट छातीशी धरून कण्हत म्हणाल्या.

चार दिवसांत मानवतला, पाथरीला, सेलूला सगळ्यांना कळलं. दगडाबाईंचा हात प्लास्टरमध्ये होता, पण तोंड मोकळं होतं. त्या वाईट हेतूनं सांगत नव्हत्या. कळवळून सांगत. "लय चांगला माणूस व माझा दाजी. पण वय झालं की पायाला कळत न्हाई."

भागवतराव गाडी घेऊन परभणीला गेले. कोकिळाबाईंना मुद्दाम बरोबर नेलं. सर्व्हिस सेंटरमध्ये काचेची केबिन, थंड हवा, आणि ऋतिका नावाची एक मुलगी लॅपटॉप घेऊन. तिनं गाडीला वायर जोडली. अर्ध्या तासानं म्हणाली, "काका, सिस्टीममध्ये एकही फॉल्ट नाही."

"फॉल्ट न्हाई तर गाडी थांबली कशी?"

"अपडेटनंतरचं रेकॉर्ड पूर्ण दिसत नाही. पण ब्रेक लागलाय एवढं दिसतंय."

"कुणी लावला ते दिसतंय का?"

ऋतिकानं लॅपटॉपवर पुन्हा एकदा पाहिलं. ती उद्धट नव्हती. तिलाही ते नवीनच असावं. "काका, तुमच्या वयाचे बरेच कस्टमर असतात. घाबरून पाय जातो ब्रेकवर, नंतर आठवत नाही." मग ती कोकिळाबाईंकडं वळली. "काकू, तुम्ही शेजारी होतात ना? काकांचा पाय कुठं होता?"

भागवतरावांनी बायकोकडं पाहिलं. ती वाकलेली होती. तिचा हात त्यांच्या चपलेला लागलेला त्यांना आठवत होता. साऱ्या जगात ते बघू शकणारं माणूस एकच होतं आणि ते इथं, शेजारच्या खुर्चीवर बसलं होतं.

कोकिळाबाईंनी पदर नीट केला. "माझं लक्ष न्हवतं," त्या म्हणाल्या.

ऋतिकानं कागद छापला. शेरा होता: तपासणी केली, दोष आढळला नाही. भागवतरावांनी वही पुढं केली. "इथं सही करा."

"अशी सही आम्हाला करता येत नाही काका. सिस्टीममधून येतं ते."

ते परत निघाले. मानवत मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "तू बोरं गोळा करायलीस ना तवा?"

"हो."

"मंग काय दिसलं?"

"बोरं."

राजेश्रीला सातवा महिना लागत होता; त्या आठवड्यात जावयाचा फोन आला. फार अदबीनं बोलला. "मामा, तुम्ही कशाला तकलीफ घेता. मी ओळखीची जीप सांगतो. तुम्ही नुसते या, तिच्याबरोबर बसून जा." नुसते या. भागवतरावांनी फोन ठेवला आणि देवाच्या फळीवरचा बिल्ला काढून कपाटात टाकला. कोकिळाबाईंनी ते पाहिलं.

त्यांनी नागसेनला बोलावलं. तोही आता निवृत्त होता, गुडघे दुखत होते. त्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"काय झालं?"

"वर झाकण, झाकणाखाली झाकण. हात घालायला जागा ठिवली न्हाई." तो पायरीवर बसला. "भागवतराव, बिघाड आत असला तर मी काढला असता. हा बिघाड रोज बाहीरून येतो. त्याला कुठला पाना लावू?"

"मी दाबला न्हाई, नागसेन."

"मला काय सांगता? तुमी ब्रेक दाबायच्या आधी हॉर्न देणारे माणूस. हॉर्न वाजला का?"

"न्हाई."

"मंग झालं की." नागसेन चहा पिऊन गेला. भागवतरावांना त्या दिवशी जेवण गेलं. पण नागसेन तिथं नव्हता. जो तिथं नव्हता त्याचा विश्वास होता, आणि जी तिथं होती तिचं लक्ष नव्हतं. हे त्यांच्या गळ्याखाली उतरेना. ते घरात कमी बोलू लागले. रोज सकाळी गाडी पुसत, भोवती फेरी मारत आणि किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवत.

राजेश्रीला आणायला पाच दिवस राहिले तेव्हा बॅटरी उतरू नये म्हणून त्यांनी गाडी चालू केली. पडद्यावर पुन्हा मजकूर. या वेळी त्यांनी बोट लावलं नाही. फोटो काढून राजेश्रीला पाठवला. दहा मिनिटांत तिचा फोन आला. तिचा आवाज घाईचा होता.

"बाबा, तुम्ही हे वाचलं का? यात लिहिलंय, काही वेळा समोर अडथळा नसताना ब्रेक आपोआप लागत होता, ती अडचण दूर केली आहे."

भागवतरावांनी फोन कानाशी घट्ट धरला. "परत वाच," ते म्हणाले.

तिनं परत वाचलं. तिसरी ओळ होती. पहिल्या दोन ओळी गाण्यांच्या आवाजाबद्दल होत्या.

"खाली कुणाचं नाव हाय?"

"नाव नसतं बाबा."

"चूक झाली असं लिहिलंय का?"

"नाही. एवढंच." मग ती म्हणाली, "मी यांना दाखवते. बाबा, आता तुम्हीच या मला न्यायला. तुमच्याच गाडीत येते मी."

फोन ठेवून त्यांनी कोकिळाबाईंना हाक मारली. त्या पिठाच्या हातानं बाहेर आल्या. भागवतरावांनी लेकीनं सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. कोकिळाबाई दाराच्या चौकटीला टेकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते नाही हे भागवतरावांना दिसलं.

"तुला ठावं होतं," ते म्हणाले.

"तुमचा पाय ब्रेकवर न्हवता," कोकिळाबाई म्हणाल्या. "माझ्या हाताला लागून होता. रेसच्या पायडलवर, हलका."

"मंग तिथं का बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर काय झालं असतं? त्या पोरीनं अजून एक बटन दाबलं असतं अन् गाडी नीट झाली म्हणाली असती. तुमी ऐकलं असतं. माझ्या पोटुशा लेकीला तिच्यात घालून आणली असती." त्यांनी हाताचं पीठ झाडलं नाही, तसंच मुठीत धरलं. "गाडीचा दोष म्हणलं की तुमी थांबणार न्हवता. तुमचा म्हणलं की सगळ्यांनी तुमाला थांबवलं असतं. मला दुसरं काय सुचलं न्हाई."

"माझ्यावर इस्वास न्हवता म्हण."

"तुमच्यावर होता म्हणून तर," त्या म्हणाल्या. "तुमी दाबला न्हाई हे मला ठावं होतं. म्हणूनच तर भ्या वाटलं."

भागवतराव उठले. गाडीच्या कप्प्यातून वही आणली, पेन आणलं आणि अपघाताच्या तारखेचं पान काढून तिच्यासमोर ओट्यावर ठेवलं.

"काय लिवू?"

"दिसलं ते."

कोकिळाबाईंनी हात धुतले. चौथीपर्यंतच्या मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं: पाय ब्रेकवर नव्हता. खाली पूर्ण नाव घातलं. सगळ्या वहीत तेवढी एकच सही. भागवतरावांनी ती वाचली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि वही मिटली. शाई वाळली होती. तरी त्यांनी बोट पुसलं.

"मंग आता गाडी काढणार का?" कोकिळाबाईंनी भीत विचारलं.

ते बाहेर गेले. पडद्यावर दोन चौकोन तसेच होते. आता, नंतर. त्यांनी 'नंतर'वर बोट ठेवलं, गाडी बंद केली आणि तिच्यावर ताडपत्री ओढली. चारही कोपरे विटांनी दाबले.

राजेश्रीला आणायच्या दिवशी दोघं सकाळच्या एसटीनं सेलूला निघाले. जावयानं सांगितलेली जीप तिकडं तयार होती. बस स्टँडवर दोन जुने कंडक्टर भेटले. "भागवतराव, नवी गाडी असून यष्टीनं?" एकानं विचारलं. "लेकीला आणायलो," ते म्हणाले. एवढंच.

कोकिळाबाईंनी खिडकीची जागा त्यांच्यासाठी ठेवली होती. ते तिथं बसले नाहीत. पुढं जाऊन, जिथून ड्रायव्हरचे पाय दिसतात त्या आडव्या सीटवर बसले. ड्रायव्हर तरुण होता, त्यांना ओळखत नव्हता. गाडी स्टँडबाहेर पडली. सेलू येईपर्यंत भागवतराव खाली वाकून त्याच्या उजव्या पायाकडं बघत होते, आणि मागून कोकिळाबाई त्यांच्या पाठीकडं.