टेकाडावरची पांढरी

परतूरहून आष्टीकडं जाताना आमच्या गावाच्या कडेला पांढऱ्या मातीचं टेकाड दिसतं. तिथं पूर्वी वस्ती होती. पाऊस दगा देई तेव्हा ती माणसं निघून जात की तग धरून राहत, या एका प्रश्नावर माझा प्रबंध अडला होता. उत्तर होतं टेकाडाच्या कडेला उरलेल्या हातभर राखेच्या थरात. बाकीची माती गावानं माळवदावर टाकायला कधीच ओरबाडून नेली होती. पांढरीतून पाणी झिरपत न्हाई म्हणे. जुन्या माणसांची खापरं छपरावर पसरून खाली निवांत घोरणारं हे गाव! मला त्याची किळस यायची.

त्या थराभोवती मी दोरी बांधली होती. मे महिन्यात मोजमापं घ्यायला गेलो, तर दोरी नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली, थराच्या जागी खड्डा, आणि आमच्या गल्लीतले चाचा शेवटचं घमेलं बैलगाडीत टाकून राह्यले. माझी चार वर्षं त्या गाडीत.

मी तोंडाला येईल ते बोललो. अडाणी म्हणालो, जनावरं बरी म्हणालो. लोक जमले तसा आवाज आणखी चढवला. चाचा खाली बघून एवढंच म्हणाले, "बराबर हाय, सर. गलती झाली." लहानपणी त्यांच्याच गाडीत बसून मी शाळेत गेल्तो. त्यांनी सर म्हटलं, ते मला बरं वाटलं.

घरी आईला सगळं रंगवून सांगितलं. भाकरी थापता थापता ती थांबली. पिठाच्या हातानं वर दाखवत म्हणाली, "मंग हे काय हाय? तू पोटात होतास तवा माळवद गळून राह्यलं होतं. त्या माणसानं तिथूनच गाड्या भरून पांढरी आणली, सोता थापली. बोलला न्हाई का तुला?"

न्हाई बोलले.

सकाळी टेकाडावर गेलो. चाचांनी सगळी माती परत खड्ड्यात भरली होती, वर माझी दोरी पहिल्यासारखी बांधली होती. कालवलेल्या मातीत थर राहत न्हाई. ती माझ्या बिलकुल कामाची नव्हती. पण "घेऊन जा" म्हणायला त्यांच्या दारात जावं लागलं असतं, आणि तेवढी माझी लायकी न्हाई निघाली.

पाऊस लागला तेव्हा मी घरात कोरड्या जागी प्रबंध लिहीत बसलो होतो. पलीकडं चाचा त्यांच्या घरात गळतीखाली पातेली मांडून राह्यले होते.