गिटारीच्या पोटातला कागद

“झूठे हो तुम। चोर हो, चोर!” पुरानी बस्तीतल्या गल्लीत उभी राहून मी ओरडले. समोरच्या म्हाताऱ्या मास्तरांनी एक फोटो माझ्या हातात दिला.

रंग उडालेला फोटो होता. शाळेच्या पटांगणात पोरं रांगेत उभी होती, मधे मास्तर. तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते. गळ्यात गिटार होती. तीच गिटार आता माझ्या नातीच्या पाठीवर होती. खालच्या कडेचा नखाएवढा टवका फोटोतही तिथंच उडालेला होता. पोरांच्या मागे शाळेचा बोर्ड होता आणि त्यावर गावाचं नाव होतं, ‘रायपुर (म.प्र.)’.

मी चौथीपर्यंत शिकले आहे, पण वाचता येतं. मी ते कंसातलं दोनदा वाचलं.

रायपूरला जन्म काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मध्य प्रदेशातून आमचं छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा गावाच्या पाट्या, पावत्या, शाळेचे दाखले, सगळीकडचं म.प्र. गेलं आणि छ.ग. आलं. जुनी वस्तू किती जुनी हे आम्ही त्या कंसावरून ओळखतो. गिटारीच्या आतल्या कागदावरून मीही तसंच ओळखलं होतं आणि त्याच बळावर या माणसाला चोर म्हणायला आले होते.

“उस टाइम की ही है, बहनजी,” मास्तर म्हणाले. त्यांचा डावा हात थरथरत होता, झटका येऊन गेलेला असावा. “बाद में ऊपर की पट्टी उखड़ गई थी। जिसने मरम्मत की, उसने अंदर अपनी दुकान का काग़ज़ चिपका दिया। आपने वही पढ़ा होगा।”

शेजारच्या ओट्यावरून एक बाई विचारत होती, “क्या हो गया मास्टरजी? आपने क्या चुरा लिया?” आणि हसत होती. मास्तर हसले नाहीत. मला म्हणाले, “वापस करना है तो कर दीजिए। पर एक बात बताइए, आपको सन से क्या काम? बजाना है कि सरकार में जमा करना है?”

मी माफी मागितली नाही. नातीला म्हटलं, “चाल,” आणि स्कूटीवर बसले.

खरं उत्तर माझ्यापाशी होतं, पण ते गल्लीत सांगण्यासारखं नव्हतं. मला ती गिटार जुनीच हवी होती, कारण मला खोटं बोलायचं होतं.

माझी मुलगी कॉलेजात होती तेव्हा आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. तिचे वडील वर्कशॉपात होते. ती पोरांच्या ट्यूशन घ्यायची आणि त्या पैशांतून तिनं गिटार आणली, मला न विचारता. खिळ्याला अडकवली, आणि रोज संध्याकाळी पलंगावर बसून टणटण सुरू. लोक म्हणतील, मुलीला बघायला पाहुणे येणार होते म्हणून मला ती नको होती. तेही होतं. पण खरा राग वेगळा होता. मला विचारलं नाही, हा राग. मी तिच्या वयाची होते तेव्हा मला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि ही पोट्टी स्वतःच्या पैशानं वस्तू आणून माझ्या घरात टांगते.

एका दुपारी जुने कपडे घेऊन भांडी देणारी फेरीवाली आली. तिच्या टोपल्यात एक मोठी स्टीलची परात होती, जाड, काठ वळवलेली. मी दोन साड्या काढल्या. ती म्हणाली, इतक्यात होत नाही. मी आत जाऊन गिटार आणली. तिनं ती उलटी सुलटी केली, ठोकून पाहिली, “ये क्या है दीदी, लकड़ी का डब्बा?” म्हणाली, आणि घेतली. परात माझी झाली.

संध्याकाळी मुलीला सांगितलं, चोरी झाली.

तेव्हा मला एवढंच वाटलं होतं की ती रडेल आणि गप्प होईल. पुढचं मी मनात आणलं नव्हतं. घरात दिवसा कोण असतं? मी आणि धुणंभांडी करणारी बाई. ती सात वर्षं आमच्याकडे होती. छत्तीसगडी बोलायची, मला दाई म्हणायची, म्हणजे आई. तिला दोन लहान पोरी होत्या.

तीस वर्षांत मी हे कोणाला सांगितलं नाही. मुलीचे वडील गेले, त्यांनाही नाही. यंदा मुलगी दिवाळीला नागपूरहून येणार होती. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, नव्या रायपूरला नोकरीला लागली आणि माझ्याकडे राहते. तिच्या फोनवर लोक जुन्या वस्तू विकतात ते मी पाहायचे. कपाटं, पाळणे, सिलाई मशीन. एक दिवस त्यात गिटार दिसली. रंग तसाच, मधल्या भोकाभोवती तशीच काळी किनार. माझ्या डोक्यात आलं, ही घ्यावी आणि सांगावं, तुझी गिटार सापडली. पुरानी बस्तीत कोणाच्या तरी घरी होती. देवानं परत दिली.

असं मी ठरवलं. बहात्तराव्या वर्षी.

“विकणाऱ्याला विचार, कोणत्या सनाची आहे,” मी नातीला म्हटलं.

“आजी, गिटार है, दारू थोड़ी है जो पुरानी चाहिए।”

“तू विचार.”

मास्तरांचं उत्तर आलं, छत्तीसगढ़ बनने से चार-पाँच साल पहले की. माझ्या मुलीची तेव्हाचीच होती. नातीनं पैसे पाठवले आणि ऑफिसातून येताना घेऊन आली. मी चष्मा लावून, टॉर्च घेऊन त्या भोकातून आत पाहिलं, कारण मुलगी पाहील हे मला ठाऊक होतं. काहीही हातात घेतलं तरी ती आधी उलटं करून पाहते. आत कागद होता आणि कागदावर छापलं होतं, रायपुर (छ.ग.).

माझं खोटं त्या दोन अक्षरांनी उघडं पाडलं असतं. म्हणून मला राग आला. मास्तरांनी फसवलं म्हणून नाही, त्यांनी माझी फसवणूक बिघडवली म्हणून. दुसऱ्या दिवशी रविवार होता. नात नको नको म्हणत असताना मी तिला स्कूटी काढायला लावली.

परत येताना तिनं तलावाच्या कडेला स्कूटी थांबवली. हेल्मेट काढलं.

“उतरो। अब बताओ। वो बेचारे का हाथ काँप रहा था, और आप चिल्लाए जा रहे थे। सन का चक्कर क्या है?”

मी सांगायला लागले. फेरीवालीचं सांगितलं, परातीचं सांगितलं. ती आधी हसली.

“वही परात? अपनी वाली? जिसमें आप आटा सानते हो? बाप रे आजी, मम्मी की गिटार की रोटी खा रहे हैं हम लोग!”

मग तिचं हसू थांबलं.

“मम्मी को क्या बोला था?”

“चोरी झाली म्हटलं.”

“और मम्मी ने पूछा नहीं, किसने की?”

मी तळ्याकडे पाहिलं.

“आजी. किसका नाम लिया आपने?”

“मी नाव नाही घेतलं,” मी म्हटलं. हे खरं होतं. मी नाव घेतलं नव्हतं. मुलीनं घेतलं आणि मी नाही म्हटलं नाही.

नात हेल्मेट घालत म्हणाली, “मम्मी को आप बताओगे कि मैं बताऊँ?”

घरी येऊन मीच मुलीला फोन लावला. नातीनं समोर बसून स्पीकर चालू केला. मी फिरवून फिरवून सांगितलं नाही. सांगितलं की तुझी गिटार चोरीला गेली नव्हती, मी परातीवर देऊन टाकली होती, आणि आता दुसरी घेऊन तुला तीच म्हणून देणार होते.

मला वाटलं ती गिटारीसाठी भांडेल. तयारी तीच होती.

ती म्हणाली, “आई, मी कामवाल्या मावशीची पिशवी उलटी केली होती.”

मला आठवत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. अंगणात, नळाजवळ, आजूबाजूच्या क्वार्टरमधल्या बाया पाणी भरत होत्या. मुलगी वीस वर्षांची, संतापलेली. पिशवीतून एक फणी पडली, एक लुगडं, आणि डबा उघडून भात सांडला. आदल्या रात्रीचा पाणी घातलेला भात. बाई खाली बसून तो गोळा करत होती आणि म्हणत होती, “मैं नइ ले हँव, दाई. मैं नइ ले हँव.” मी नाही घेतली, असं माझ्याकडे पाहून म्हणत होती, मुलीकडे पाहून नाही.

“तुले तवा माहीत होतं?” मुलीनं विचारलं.

“हो.”

“अन् तू उभी होतीस.”

“दारात.”

“काहून बोलली नाहीस?”

“परात आत होती,” मी म्हटलं. “अजून घासली पण नव्हती. बोलले असते तर सगळ्यांसमोर काढावी लागली असती.”

ती म्हणाली, “मी इतकी वर्षं माझ्या सासरी सांगत आली, कामवाल्या बायांवर भरोसा ठेवू नका, आमच्याकडे असं झालं होतं. माझ्या पोरीलेबी तेच शिकवलं.” नात समोर बसून मान खाली घालून होती. “गिटार ठेव तिकडंच. मले नको. त्या मावशीले शोध पहिले.”

त्या आठवड्यात मी पुरानी बस्तीत पुन्हा गेले. मास्तरांची माफी मागितली. गिटार परत घ्या म्हणायला गेले नव्हते, फक्त चुकलं म्हणायला गेले होते. शिव्या देताना गल्लीत दहा माणसं होती, माफी मागताना ओट्यावर एक मांजर होतं. मी त्या शेजारच्या बाईला हाक मारून बाहेर बोलावलं आणि तिच्यासमोर पुन्हा म्हटलं. मास्तर म्हणाले, “हो गया, हो गया। बिटिया बजाती है कि नहीं?” मी म्हटलं, शिकून राहिली आहे.

मग बाईचा पारा, म्हणजे तिची वस्ती, शोधायला निघालो. रेल्वे कॉलनीच्या मागची ती वस्ती आता तशी राहिली नाही, अर्ध्या जागेवर पक्की दुकानं आहेत. नात चार घरी विचारत फिरली. शेवटी एका म्हातारीला आठवलं. दात नव्हते तिला, डोकं मात्र शाबूत होतं.

“हव, रिहिस,” ती म्हणाली, होती म्हणून. मग हिंदीत सांगू लागली. “कॉलोनी में काम करती थी। फिर किसी ने चोरी का नाम लगा दिया, तो किसी घर में नहीं रखे। सिलतरा चली गई, कारखाने में झाड़ू मारने। बड़ी लड़की का स्कूल छुड़ा के साथ ले गई। उसके बाद इधर नहीं आई।”

“कौन गाँव की थी?” नातीनं विचारलं.

“वो नहीं मालूम। तुम लोग कौन हो उसके?”

नातीनं माझ्याकडे पाहिलं. ती माझ्या बाजूनं काही बोलणार नव्हती, आणि मी तिला तसं म्हणणारही नव्हते.

“जिनके घर चोरी का नाम लगा था, वही,” मी म्हटलं. “चोरी हुई नहीं थी।”

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तो अब काहे आए हो?” म्हणाली, आणि आत गेली. दार लावलं नाही, पण बाहेरही आली नाही. आम्ही थोडा वेळ उभ्या राहिलो आणि निघालो.

सिलतऱ्यालाही जाऊन आलो. तिथं कोणाला विचारणार? नाव सांगितलं तर लोक विचारतात, आडनाव काय, कोणत्या ठेकेदाराकडे होती, किती वर्षं झाली. सात वर्षं ती माझ्या घरी आली, आणि मला तिचं आडनाव ठाऊक नाही.

दिवाळीला मुलगी आली. परात तिनं ओट्याखालून काढली आणि गच्चीवर नेऊन ठेवली. आता तिच्यात पापड वाळवतो. गिटार नात वाजवते, आतला कागद तसाच आहे.

चोरी झाली नव्हती. परात मला मिळाली, गिटार मुलीची गेली, आणि चोर म्हणून कॉलनीतून निघून जायची वेळ आमच्याकडे सात वर्षं भांडी घासणाऱ्या, दोन पोरींच्या आईवर आली.