लांडगे मेल्यानंतरचं साल

बनुबाईला लांडग्याचा राग होता आणि तो ऐकीव नव्हता. लग्न होऊन माण तालुक्यातल्या त्या गावात आली त्याच साली, कोकरू तोंडात धरून निघालेल्या लांडगीच्या अंगावर ती काठी घेऊन धावली. लांडगीनं कोकरू टाकलं आणि तिचा डावा हात फोडला. तेव्हापासून त्या हाताची दोन बोटं वळत नाहीत.

नवरा गेल्यावर धाकटा दीर जोतीराम आणि ती मिळून मेंढरं राखायची. दिवाळी झाली की उंब्रजकडं उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला जायचं, जेठात परत माळावर यायचं. परत आलं की लांडग्याची जोडी हजर. सालाला तीन-चार कोकरं जायचीच. पण एका साली आठ दिवसांत पाच गेली, तेव्हा जोतीराम पेटला.

"वैनी, आता औशीद घालतो. एक मेंढी मेलीच हाय, तिच्यातच घालू."

"मी कातडं धरते, तू वत," बनुबाई म्हणाली.

पिकावर मारायचं औषध मेंढीच्या चिरलेल्या पोटात ओतून त्यांनी ती ओढ्याच्या कडेला टाकली. तिसऱ्या दिवशी लांडग्याची जोडी पाण्याजवळ आडवी सापडली. शेजारी एक खोकड, दोन मुंगसं, पाच-सहा कावळे. आणि थोड्या अंतरावर भुंग्या, बनुबाईचा स्वतःचा कुत्रा, तोंडाला फेस येऊन मेलेला.

जोतीराम म्हणाला, "कुत्रं काय, दुसरं आणू." बनुबाईनं एकटीनं खड्डा काढला.

पुढच्या जेठात माळ निराळाच झाला होता. आधी ससे वाढले. मटकी उगवली की कोंब खुडलेला. मग रानडुकरं आली, आठ-दहा पिलांची लेंढारं घेऊन, आणि बाजरीचं रान नांगरल्यागत उलथून गेली. पूर्वी त्यातली निम्मी पिलं लांडग्याच्या पोटात जायची. आता खाणारं कुणी उरलं नव्हतं.

मग कुत्री आली.

माळाच्या खाली लालासाहेबाची पोल्ट्री होती. मेलेल्या कोंबड्या तो ओघळीत फेकायचा आणि त्यावर गावची मोकाट कुत्री पोसायची. ती तिथं कैक वर्षं होती, पण ओघळ सोडून वर यायची नाहीत. वर लांडग्याची हद्द होती. आता ती हद्द राखणारं कुणी नव्हतं. एका दुपारी भर उन्हात बारा कुत्री कळपात शिरली. बनुबाई आणि जोतीराम ओरडत पळत येईपर्यंत सतरा मेंढरं पडली होती. खाल्लेलं एकच. बाकीची नुसती फाडलेली.

बनुबाई तशीच, रक्तानं भरलेल्या लुगड्यानं, पोल्ट्रीच्या फाटकावर गेली.

"लालासाब, तुज्या कोंबड्यांवर माजलेली कुत्री हायत ती!"

"माझं नाव लिवलंय का त्यांच्यावर?" लालासाहेब खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "मेंढरं तुझी, माळ तुझा. मला काय सांगतीस?"

घरी आली तर जोतीराम औषधाचा डबा घेऊन बसलेला. "गेल्या सालागत करू. दोन दिसांत कुत्री साफ."

"हात लावू नगं डब्याला."

"का? लांडग्याची माया आली व्हय?"

"माया? थुंकते मी त्याच्यावर! चोरच हुता त्यो. पर दुसऱ्या चोराला माळावर येऊ देत नव्हता. आपुन त्याला मारलं आन् बारा जणास्नी दार उघडलं. आता कुत्री मारशील, मग आनी कुनाला बोलावशील?"

"म्हातारपणानं डोस्कं फिरलंय तुमचं," जोतीराम म्हणाला.

"मग मेंढरं वाटून घे आन् येगळा हो."

तो खरंच वेगळा झाला. चूल वेगळी, कळप वेगळा. औषध मात्र त्यानं घातलं नाही. घातलं तर ही बाई गावभर ओरडेल, हे त्याला माहीत होतं.

बनुबाईनं दुसऱ्या दिवसापासून नवा उद्योग काढला. सकाळी पोतं घेऊन ओघळीत उतरायची, मेलेल्या कोंबड्या भरायच्या आणि विकलेल्या कोंबड्या न्यायला गाडी यायच्या वेळेला फाटकात ओतायच्या. गाडीवाले नाक दाबायचे. सहाव्या दिवशी पोल्ट्रीच्या गड्यानं तिला ढकललं. ती दगडावर पडली, कोपर सोलून निघालं. सातव्या दिवशी ती पुन्हा आली. नवव्या दिवशी कोंबड्यांच्या व्यापाऱ्यानं लालासाहेबाला सुनावलं आणि लालासाहेबानं जेसीबी आणून मेलेल्या कोंबड्या पुरायला खोल खड्डा खणला.

ओघळीतलं खाणं बंद झालं तशी कुत्री पांगली. काही मेली, बरीचशी गावात शिरली आणि कोंबड्या उचलू लागली. गाव बनुबाईला शिव्या घालू लागलं. तिनं त्या परत घातल्या.

लालासाहेब गप्प बसणारा नव्हता. त्यानं वनखात्याला कळवलं की माळावरचे लांडगे धनगरांनी विष घालून मारले. अमृत नावाचा तरुण वनरक्षक वही घेऊन बनुबाईच्या मेंढरांच्या वाड्यावर आला. जोतीराम पलीकडं आपल्या कळपात उभा होता, कान टवकारून.

"आजी, लांडगे कुणी मारले? बाहेरची माणसं होती का?"

त्यानं सुटायची वाट दाखवली होती. बनुबाईला त्याचाही राग आला.

"भायरचं कोन येतंय हितं मरायला? मी मारलं. लिव."

"एकटीनं?"

"कातडं मी धरलं हुतं. एवढंच लिव."

त्यानं लिहिलं. तालुक्याच्या कोर्टात आता तिची तारीख पडते. ती एस.टी.नं जाते, बाकावर बसून राहते, पुढची तारीख घेऊन येते. औषध कुणी ओतलं, हे तिनं अजून सांगितलेलं नाही. जोतीरामनंही नाही.