पियानोला केलेलं पॉलिश

चूक माझी होती आणि मी ती बहिणीच्या माथी मारली. चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा वास आला की ती सकाळ आठवते.

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास अहेरीला माझं सागवानी फर्निचरचं दुकान होतं. धाकटी बहीण रुबिना मिशनच्या शाळेतल्या जुन्या पियानोवर शिकायची. तिथल्या सिस्टरांनी मला फक्त पियानोला लागलेली वाळवी बघायला बोलावलं होतं. रुबी खूश होईल म्हणून मी तारांमागची, आवाज घुमवणारी फळीसुद्धा कपाटासारखी तीन हात देऊन चकाकवली. ओघळ तारांवर गेले, तिकडे लक्षच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पट्ट्या दाबल्या, तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा.

"भाईजान, हा असा काऊन वाजते?"

"तुहे बोटंच बिघडले असतील," तारांवर वाळलेले ओघळ दिसत असूनही मी म्हणालो.

तिने हात उलटेपालटे करून पाहिले. मग महिनाभर ती एकच धून घोटत राहिली. शिकणं सोडते म्हणाली, तरी मी खरं सांगितलं नाही.

सिस्टरांनीच तिला धरून ठेवलं. आज ती देशोदेशी वाजवते, शिकवते. परवा मोबाइलवर तिच्यासाठी अख्खं सभागृह उभं राहिलेलं पाहिलं आणि अभिमानाने ऊर भरून आला. लगेच फोन लावला.

"रुबी, तवा तुहे बोटं बरोबर होते. म्याच पॉलिशनं पियानो बिघडवला आन् तुह्यावर ढकललं. माफ कर मले."