हजुरासिंगाची अमानत

माझा धंदा डोक्याचा. जळकोटात असं घर न्हाई जिथं माझी नाहीतर माझ्या बापाची वस्तऱ्याची धोकटी गेली न्हाई. जावळं मी काढली, नवरदेव मी घासून चकचकीत केले, अन् बाप मेला की लेकाचं डोकं करायला बी मीच, सटवाजी. एकच माणूस माझ्या तावडीतून सुटला, हजुरासिंग. अन् लोकांचं सांगायला बसलो की पहिलं नाव त्याचंच तोंडात येतंय, आता बोला!

बाहत्तरच्या दुष्काळात तो आमच्या गावात आला. तवा आमचा जिल्हा उस्मानाबाद. हापसे बसवणारी टोळी आली होती, त्यात हा उंचापुरा गडी, डोक्याला निळी पगडी, छातीवर दाढी. आम्हाला वाटलं पंजाबातनं आलाय, ह्याच्याशी बोलायचं कसं? तर त्यानं हॉटेलात पाय ठेवला, भजं मोडलं, आतनं कच्चं निघालं, अन् गड्यानं अशी शिवी हासडली की सगळं हॉटेल गार! अस्सल आपल्याकडची शिवी. मग कळलं, हा नांदेडचा शीख. नांदेडला त्यांची कैक पिढ्यांची घरं हायत. घरात दखनी बोलतात अन् बाजारात आपल्यापेक्षा खणखणीत मराठी.

टोळीतली माणसं मिळंल तिथं पथारी टाकायची. हजुरासिंगाला लक्ष्मीबाईच्या ओसरीत जागा मिळाली. लक्ष्मीबाई म्हंजे एकटी बाई, नवरा कवाच गेलेला, पोटी लेकरू न्हाई. तोंडानं एवढी फटकळ की कुत्रं बी तिच्या दारावरनं शेपूट घालून जायचं. पण उपाशी माणूस तिच्या दारातनं तसाच गेला असं कधी झालं न्हाई.

पाण्याचे तर हाल विचारू नका. हिरी कोरड्या, टँकर आला की बायांची झोंबाझोंबी. अन् अशात हा बाप्या आठवड्याला केस धुवायचा! कंबरेएवढे केस, त्याला पाणी लागणारच की. बाया चिडल्या. "प्यायला घोट न्हाई, अन् ह्यो बाईवानी न्हाऊन राहिला!" एकजण तर माझ्या दुकानात येऊन म्हणला, "सटवाजी, कात्री घे अन् गावाचं पाणी वाचीव."

लक्ष्मीबाईनं सरळ त्यालाच विचारलं, "का रं, कुणासाठी ठेवलेत केस?"

तो म्हणला, "माझे न्हाईत, आई. अमानत हाय."

आता अमानत म्हंजे दुसऱ्यानं आपल्या भरवशावर ठेवलेली वस्तू. हे आपल्याला कळतंय. पण आमच्याकडं बाप्यानं केस ठेवले म्हंजे नवस, तिसरं कारणच न्हाई. देवाला बोलायचं, केस वाढवायचे, काम झालं की देवाच्या दारात नेऊन द्यायचे. बाई म्हणली, "म्हंजी नवसच की. आईसाठी बोललास?" त्याची आई त्याच उन्हाळ्यात गेलेली, ते बाईला ठाऊक न्हाई. आईचं नाव निघाल्यावर त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले. बाईनं तोच होकार धरला. झालं! संध्याकाळपर्यंत गावभर, सरदारजीचा आईसाठी नवस हाय.

नवस म्हणल्यावर बायांची तोंडं बंद. अन् लक्ष्मीबाई काय करायला लागली? स्वतःची आंघोळ टाळायची अन् ते पाणी त्याच्या केसाला द्यायची. म्हणायची, "मी म्हातारी, मला कोण हुंगतंय? पोराचा नवस मोडू नये." मागनं हजुरासिंग मला म्हणला, "जी बाई माझ्यापायी आंघोळ सोडती, तिला कुठल्या तोंडानं सांगू की आई तू चुकली?" तवा सांगायला पायजे होतं. भिडंपायी न्हाई सांगितलं.

लक्ष्मीबाईच्या दारापुढंच हापशाला पाणी लागलं. टोळी पुढं गेली, अन् हजुरासिंग तापानं फणफणला. मुदतीचा ताप. बायको त्याची पहिल्या बाळंतपणातच गेलेली, नांदेडला वाट बघणारं कोणी न्हाई. केसाचा पार गुंता झाला, घामानं चिकटला. औषध देणारा म्हणला, डोकं करून टाका, ताप उतरंल. मला निरोप आला, मी धोकटी घेऊन गेलो. तर बाई दारात आडवी. "मुडद्या, पाय आत टाकशील तर बघ! नवस हाय पोराचा." अन् ती म्हातारी दिसरात त्याच्या उशाला बसून एकेक बट बोटानं सोडवत होती, खोबरेल लावून. चुकीच्या समजुतीनं बाईनं बरोबर काम केलं, असं मी म्हणतो. ताप उतरला तो तिला आई म्हणतच उठला. मग कुठला जातोय! हापसे दुरुस्त करत इथंच राहिला. ती त्याला हजऱ्या म्हणायची.

त्याचे हापसे खोलायचे पाने अन् साखळ्या माझ्या दुकानाच्या वळचणीलाच असायच्या. रोज आमची टोलवाटोलवी. मी म्हणायचो, "सरदारा, तुझ्यासारखी चार गिऱ्हाइकं झाली तर माझी लेकरं भीक मागतील." तो म्हणायचा, "तुझ्यासारखे चार न्हावी असले तर गाव टकलं होईल."

एकदा मात्र मी चिडून विचारलं, "अरे, केसात असतंय काय? मेलेलं असतंय ते, नखासारखं. कापलं तर दुखत बी न्हाई!"

तो पान्याला तेल लावत होता. म्हणला, "दुखत न्हाई म्हणून तर. जे कापलं की दुखतं ते कोणी बी सांभाळंल. हात सांभाळायला देव कशाला लागतो? केसाचं काय, आज कापले तरी कोणी विचारत न्हाई, दुखत न्हाई, सोपं पडतं. तरी त्यानं दिले तसे ठेवायचे. रोज विंचरायचे, बांधायचे, वर पगडी. रोज सकाळी याद येती की बाबा, हे तुझं न्हाई. गुरूनं सांगितलं, ही माझी मोहर. मोहर खरवडायची नसती."

"अन् नवस?"

"नवस म्हंजे देवासंगं सौदा. काम झालं की फिटला. हे फेडायचं न्हाई सटवाजी, हे नुसतं सांभाळायचं. मरंपर्यंत."

मला पटलं असं न्हाई. माझ्या पोटावर पाय देणारं बोलणं मला कसं पटंल? पण डोक्यात बसलं.

मग ब्याऐंशी साल आलं. लातूर जिल्हा झाला. पंधरा ऑगस्टला तिथं मोठा सोहळा, अर्धं गाव जिल्हा बघायला पळालं. जिल्हा काय बघायची चीज हाय का? पण माझा चुलतभाऊ, गावातला दुसरा न्हावी, तो बी गेला नवी इजार घालून. अन् त्याच पहाटे लक्ष्मीबाई गेली.

जायच्या आधी तिनं भावकीसमोर सांगितलं होतं, "मला पाणी हजऱ्यानं पाजावं, अन् अग्नी त्यानंच द्यावा." व्यंकटराव, तिच्या दिराचा मुलगा, तिथंच उभा होता. माणूस वाईट न्हाई. त्यानं मान डोलावली होती.

स्मशानात सरण रचलं, मला धोकटीसकट बोलवलं. व्यंकटराव म्हणला, "सरदारजी, काकीचा शब्द मला मान्य हाय. पण रीत हाय. अग्नी देणाऱ्यानं डोकं करावं लागतं. न्हाईतर काकीला गत न्हाई."

हजुरासिंग म्हणला, "आमच्यात बी अग्नी देतात. बापाला मीच दिला, केसासगट."

"तो तुमच्यातला. ही आमच्यातली. अन् तुझा नवसच होता की आईसाठी! दहा वर्षं सगळं गाव ऐकून राहिलं. आता ही बी आई गेली, मग कधी फेडशील?"

"नवस नव्हता, दादा. अमानत हाय."

"मग इतकी वर्षं बोलला का न्हाईस?"

भोवतीची माणसं कुजबुजायला लागली. कोणी म्हणलं, खाल्लेल्या अन्नाला जागावं. कोणी म्हणलं, जिनं केस वाचवले तिच्यासाठी केस देता येईनात? मला तर वाटलं धरणी फाटावी. गड्याचा चेहरा बघवंना. इकडं आई, तिकडं गुरू, अन् ऊन वर चढून राहिलेलं.

त्यानं विचारलं, "मी न्हाई दिला तर?"

"मग मी देतो," व्यंकटराव म्हणला. "पण काकीचा शब्द तू मोडलास असं होईल."

हजुरासिंगानं एकवार सरणाकडं बघितलं. मग माझ्यासमोर येऊन मांडी घातली. पगडी उतरवली, घडी करून मांडीवर ठेवली. केसातला लाकडी कंगवा काढून तिच्यावर ठेवला. केस पाठीवर सुटले, अर्धे पिकलेले. मान खाली घालून म्हणला, "कर."

मी तांब्यातलं पाणी घेतलं. सवयीनं हात चालतात, काय करणार. केस भिजवले. त्याचं डोकं पहिल्यांदाच माझ्या हाताखाली आलं. वस्तरा उघडला. अन् मला एकदम राग आला. कुणाचा, कुणाला ठाऊक! सगळ्यांचाच. मी वस्तरा मिटला अन् धोकटीत टाकला.

"मी न्हाई करणार."

व्यंकटराव ओरडला, "सटवाजी, तू न्हावी हायस का भटजी?"

"न्हावीच हाय, म्हणून सांगतो! डोकं द्यायचं तर ते आपलं असावं लागतंय. ह्याच्याजवळ हायत काय आपले केस द्यायला? दुसऱ्याची अमानत हाय ती. उद्या मी शेजाऱ्याचं बोकड माझ्या देवाला कापलं तर चालंल का तुम्हाला? काकीला चोरीचं दान देता? ती उठून पायताणानं हाणील सगळ्यांना! पायजे तर दुसरा न्हावी बोलवा."

"दुसरा लातूरला गेलाय की," कोणीतरी बारीक आवाजात म्हणलं.

हसू आलं एक-दोघांना, स्मशानात. व्यंकटरावाला न्हाई आलं. तो कपाळावरचा घाम पुसत सरणाभोवती एक चक्कर मारून आला. मढं किती वेळ ठेवणार? मग माझ्यापुढं येऊन बसला अन् टोपी काढली. "काकीच्या घरातलं एक डोकं झालं म्हंजे झालं. माझं कर. अग्नी तो देऊ दे."

भला माणूस! मी व्यंकटरावाचं डोकं केलं. हजुरासिंगानं केस बांधले, पगडी बांधली अन् आईला अग्नी दिला. डोळ्यांतनं एक टिपूस न्हाई.

आता तुम्हाला वाटंल, तो माझे पाय धरंल. कशाचं काय! माझ्याशी बोलायचाच बंद झाला. वळचणीची साखळी न्यायला यायचा, मान वर करायचा न्हाई. मी मनात म्हणलं, ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. गावचा रोष मी घेतला, अन् ह्याचा तोरा बघा! बोललो बी तसं त्याला, चांगले चार शब्द सुनावले. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणला, "उद्या नांदेडला जायचंय. येतोस?"

लोह्यावरनं यष्टीनं गेलो. गुरुद्वाऱ्यात मी डोक्याला रुमाल बांधून दाराशी उभा राहिलो. आत त्यांची पाच वडीलधारी माणसं बसलेली. हजुरासिंग त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहिला अन् सगळं सांगितलं. त्यांची बोली मला अर्धी कळत होती, पण एवढं कळलं.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "केस गेले का?"

"न्हाई जी."

"मग चूक कुठली?"

"मी दिले होते," हजुरासिंग म्हणला. "घेणाऱ्यानं घेतले न्हाईत."

तवा मला समजलं की हा माझ्याशी का बोलत नव्हता. मी समजत होतो की मी केस वाचवले. त्याच्या लेखी ते कवाच गेले होते, तो मांडी घालून बसला तवाच.

त्या पाचांनी आपसात बोलून त्याला चुकीचं प्रायश्चित्त म्हणून सेवा लावली. गुरूच्या वाणीचा पाठ म्हणायचा, अन् येणाऱ्या-जाणाऱ्यांचे जोडे पुसायचे. तो म्हातारा उठून आला, त्याच्या पगडीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. हजुरासिंगाचा चेहरा जरा हलका झाला. मला वाटलं, सुटला गडी.

जोड्यांच्या जागेत तो फडकं घेऊन बसला. मी बाजूला टेकलो. चिखलाचे, धुळीचे, फाटके, नवे, सगळे जोडे तो सारखेच पुसत होता. मी विचारलं, "आता तरी मन निवलं का?"

"गुरूचं झालं," तो म्हणला. हातातला जोडा तसाच धरून थांबला. मग माझ्याकडं न बघता म्हणला, "सटवाजी, तू शेकड्यानं अशी डोकी केलीस. तुला रीत ठाऊक. खरं सांग. मी डोकं न करता अग्नी दिला. आई पोचली असंल ना रे?"

मला म्हणायचं होतं, मी न्हावी, मला काय ठाऊक? पण त्याच्या तोंडाकडं बघून ते निघंना.

"पोचली," मी म्हणलं. "तुझ्याच हातानं जायचं होतं तिला. तशीच गेली."

चितेपुढं न रडलेला माणूस तिथं जोड्यांच्या ढिगात हमसून हमसून रडला. आई आई म्हणत रडला, येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती. मी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं अन् तो रडून होईस्तोवर पुढचे जोडे मी पुसले.