थापाजींची एक खरी गोष्ट

माझ्या नवऱ्याला गिऱ्हाइकं तोंडावर 'कारागीर' म्हणतात आणि पाठीमागे 'थापाजी'. त्यांची चूक नाही. केस कापता कापता हे असं काही ठोकून देतात, की खुर्चीतला माणूस मान हलवायची विसरतो आणि यांचं काम सोपं होतं. एकाच्या दाढीत त्याचीच हरवलेली अंगठी सापडली, ही यांची लाडकी थाप. दर वेळी तिच्यातला खडा थोडा वाढतो. लग्न झाल्यापासून मी कपाळाला हात लावून ऐकतेय.

अशात एका दुपारी, गिऱ्हाईक गेल्यावर, कापड झटकायला हे दुकानाबाहेर गेले आणि आभाळात काहीतरी बघून आले. मी आतल्या मोरीत टॉवेल धूत होते.

"राखाडी होतं. चपटं. आवाज नव्हता. छपरांवर थांबलं आणि गेलं."

बस्स, एवढंच. मी पुढच्या शेपटाची वाट पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्याने तेच, शब्दन् शब्द तोच. तेव्हा मात्र मी घाबरले, कारण याचा अर्थ हे खरं बोलत होते.

गिऱ्हाइकं पोट धरून हसली. एरवी यांना तेच हवं असतं, पण या वेळी ते मनाला लागलं. एकदा तरी कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवावा म्हणून यांनी स्वतःच सरकारी कचेरीत जाऊन कळवलं, आणि चौकशीला एक साहेब आले.

साहेबांनी नुसते नाकी नऊ आणले. फुगा होता का? पक्षी? विमान? उन्हाची तिरीप? यांचं आपलं "नाही". पुन्हा पहिल्यापासून सांगा म्हणाले. यांनी पुन्हा तेच सांगितलं.

"पाठ केल्यासारखं वाटतंय," साहेब म्हणाले. "खऱ्या माणसाच्या सांगण्यात थोडा फरक पडतोच."

माझं डोकंच फिरलं. "फरक हवा असेल तर यांना अंगठीची गोष्ट विचारा! मी या माणसाच्या थापा ऐकत संसार केलाय, साहेब. ही थाप नाही."

"बाई, तुम्ही स्वतः पाहिलंत का? दुसरा साक्षीदार असता तर 'काय होतं ते कळलं नाही' असं तरी लिहिता आलं असतं. नाहीतर मी फुगाच लिहिणार."

हे वस्तरा पुसत होते. पुसलेलाच पुन्हा पुसत होते. मला ते बघवेना.

"पाहिलं," मी म्हणाले. "राखाडी होतं. चपटं."

साहेबांनी पेन टेकवलं, तोच हे म्हणाले, "साहेब, ते लिहू नका. ही आत टॉवेल धूत होती. हिने काही पाहिलेलं नाही."

साहेब 'फुगा' लिहून निघून गेले.

मग मी तोंड सोडलं. "जन्मभर रेटून खोटं बोललात, आणि माझी एक थाप सहन झाली नाही? तीही तुमच्यासाठीच मारलेली!"

"अगं, आयुष्यात एक गोष्ट खरी सांगतोय," हे हळूच म्हणाले. "तिच्यात थाप मिसळली, तर तिचीही अंगठी होईल."

कपाळ माझं! मी रागारागाने खुर्चीवरचं कापड ओढलं आणि बाहेर जाऊन झटकलं. सगळे केस माझ्याच अंगावर उडाले, कारण माझं लक्ष वर होतं. वर काहीही नव्हतं. मेल्याला आज यायला काय झालं होतं!