सिंथेटिक आणि पदरचे दोन शब्द

ती घटना आठवली की आजही आधी त्या बाईचा आवाज कानावर येतो. "साहेब, माझ्यावर धाड टाका." सगळ्या नोकरीत लोक माझ्याकडे धाड टळावी म्हणून आले. कुणी पुढाऱ्याचा फोन लावून दिला, कुणी माझ्याच गावचं नातं काढलं. स्वतःवर धाड मागायला आलेलं माणूस मी एकच पाहिलं.

मी तेव्हा शिरूर आणि दौंडच्या मधल्या पट्ट्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. नाव कुणाचंच लिहीत नाही, गावाचंही नाही. न्हावऱ्याच्या पुढं, भीमेच्या अलीकडं, एवढं पुरे. त्या भागात सकाळ दुधानं सुरू होते. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून माणसं संकलन केंद्राकडे निघतात, आणि त्याच रस्त्यानं रांजणगावच्या कंपन्यांच्या बसगाड्या शिफ्टची माणसं घेऊन जातात. या गुन्ह्यात दूध आणि गाड्या, दोन्हींचा संबंध आला.

हजेरी नुकतीच आटोपली होती. बाई ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या होत्या, शेजारी दुधाचा भरलेला कॅन. पन्नाशीच्या असाव्यात. त्या गावात त्यांचं स्वतःचं दूध संकलन केंद्र होतं.

"ताई, धाड अशी मागून मिळत नाही," मी म्हणालो. "काय झालं ते सांगा."

"गावात उठलंय, मी सिंथेटिक दूध बनवती म्हणून. परवापास्नं कुणी दूध घालंना. डेअरीचा टँकर दारावरनं तसाच पुढं गेला. हे कालचं दूध हाय, घरच्या म्हशींचं. तपासा. माझं शेड तपासा, घर तपासा. पन तपासून गावाला सांगा."

मी त्यांना समजावलं की दुधाचे नमुने अन्न व औषध प्रशासनाची माणसं घेतात, आम्ही फक्त कळवतो, आणि अहवालाला वेळ लागतो. 

"अहवाल येस्तवर गाव दम धरल व्हय? साहेब, मी बौद्ध वस्तीतली हाय. केंद्र काढलं तवा चार घरं नाक मुरडायची, माझा हात लागलेल्या मापात दूध घालायला नको म्हनायची. फॅट चोख लावली, हिशेब चोख ठेवला, तवा कुठं एकेक जण आलं. आता त्यांना आयतं कारन घावलं. हे केंद्र गेलं तर परत उभं ऱ्हानार न्हाई."

मला खरंच गलबलून आलं. पण पोलिसाला गलबलून चालत नाही, आणि शिवाय मला एक गोष्ट टोचत होती. सिंथेटिक दुधाची खबर माझ्याकडे आधीच आलेली होती. त्याच गावच्या पोलीस पाटलांनी ती याच बाईंचं नाव घेऊन दिली होती आणि मी ती रीतसर वर कळवलीही होती. पाटील म्हणजे मोठ्या बागायतदार घराण्यातले, पांढरे कपडे, सरळ बोलणं, दारू-मटक्याच्या खबरा नेहमी खऱ्या निघायच्या. त्यांच्यावर शंका घ्यायचं मला काही कारण नव्हतं. पण मला दिलेली गुप्त खबर पारावर कशी गेली?

मी पाटलांना बोलावून घेतलं. "पाटील, खबर मला दिलीत, मग गावाला कुणी दिली?"

"आता साहेब, पारावर बसल्यावर निघतोच की विषय. पोराबाळांच्या पोटात जातं दूध. गप बसायचं का?"

"खबर मुळात कुणाची?"

त्यांनी जरा आढेवेढे घेतले, मग सांगितलं. गावोगाव हिंडणारा एक भंगारवाला, परमुलखातला, मोटारसायकलला पोतं बांधून फिरणारा. त्यानं पाटलांच्या ओट्यावर पाणी पिता पिता सांगितलं होतं.

भंगारवाल्याला शोधायला एक शिपाई पाठवला आणि मी जीप काढायला सांगितली. तर जीप चालू होईना! इथं आमच्या जीपच्या ड्रायव्हरबद्दल सांगायला हवं. हवालदार माणूस, पण जीव सगळा इंजिनात. सरकारी तेल त्याला पसंत नसायचं. त्या वेळी पदरमोड करून त्यानं जीपला महागातलं सिंथेटिक ऑइल घातलं होतं, आणि ठाण्यात त्यावरून रोज जुंपायची. मी म्हणायचो, "अरे, साध्या तेलाच्या दोन डब्यांच्या किमतीत तू एक डबा घालतोस, जीपला काय पंख फुटणार आहेत का?" तो म्हणायचा, "साहेब, उन्हाळ्यात चढाला इंजिन तापतं तवा कळल. साधं तेल पातळ व्हतं, हे टिकतं."

टिकलं कुठलं! थोड्याच दिवसांत इंजिन खडखडायला लागलं. त्या दिवशी मेकॅनिकनं खालचा नट काढला तर डांबरासारखा गाळ पडला. मी लगेच चिडवलं, "घे, तुझं टिकाऊ तेल." ड्रायव्हरनं तो गाळ बोटांत चोळला, वास घेतला. त्याचा चेहरा उतरला होता.

"साहेब, तेलाला नावं ठिवू नका. हे त्ये तेलच न्हाई. कुणीतरी जळकं तेल गाळून डब्यात भरलंय."

"डबा तर नवा होता ना? सीलबंद?"

"सीलबंद. चौफुल्याच्या दुकानातनं घेतला, वर सिंथेटिकच लिव्हलं व्हतं."

तो शब्द माझ्या कानावर पडला, पण मला काही उमगलं नाही. आमच्या भागात दूध आणि सिंथेटिक हे दोन शब्द जोडीनंच फिरतात. एकाचं नाव काढलं की दुसरं आपोआप तोंडात येतं.

संध्याकाळी भंगारवाला आला. घाबरून अंग चोरून उभा होता. चौकशीचा माझा पहिला नियम असा की घाबरलेल्या माणसाला आधी चहा द्यायचा. घाबरलेला माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं ते बोलत नाही. चहा संपल्यावर मी विचारलं, "सिंथेटिक दूध कुठं बनतंय, ते नीट सांग."

तो गोंधळला. "साहब, दूध? दूध मैंने कब बोला?"

"पाटलांना काय सांगितलंस?"

"सिंथेटिक बोला, साहब. नकली सिंथेटिक बनता है, नदी के पास शेड में. डिब्बेवाला. गाडी का."

मी ड्रायव्हरकडे बघितलं, ड्रायव्हरनं माझ्याकडे. दुधाच्या केंद्रावर सिंथेटिक म्हणजे शिवी. गॅरेजमध्ये सिंथेटिक म्हणजे सगळ्यात भारी माल, म्हणूनच त्याला 'नकली सिंथेटिक' म्हणावं लागलं. दूधवाला कधी 'नकली सिंथेटिक दूध' म्हणेल का? कधीच नाही. ऐकणाऱ्यानं 'नकली' ऐकलं, 'सिंथेटिक' ऐकलं, आणि मधे दूध आपल्या पदरचं घातलं.

पुढचं त्यानं हळूहळू सांगितलं. गॅरेजवाले रिकामे डबे भंगारात देतात. चांगले मेकॅनिक डब्याला स्क्रू-ड्रायव्हरनं भोक पाडतात, पण बरेचजण कंटाळा करतात. नदीपलीकडचा एक माणूस फक्त महागड्या तेलाचे, बिनभोकाचे, झाकणासकट डबे घ्यायचा आणि भंगारापेक्षा कितीतरी जास्त भाव द्यायचा. एकदा यानं आणलेले डबे चेपलेले निघाले म्हणून त्यानं याच्या थोबाडीत मारली आणि दुसरा माणूस धरला. प्रत्येक खबरीमागं असा एखादा राग असतो. रागामुळं खबर खोटी ठरत नाही, फक्त तो राग कुठला हे माहीत असावं लागतं.

"शेड पाटलांच्या गावात आहे असं म्हणालास का?" मी विचारलं.

"नहीं साहब. नदी के पास बोला. उस पार, दौंड की तरफ. किसी का नाम नहीं लिया."

पलीकडची हद्द आमची नव्हती. तिथल्या ठाण्याला कळवलं, दोन पंच घेतले आणि भल्या सकाळी दोन्हीकडच्या पथकांनी मिळून शेडवर छापा घातला. बंद पडलेलं पोल्ट्रीचं शेड होतं. आत गॅरेजातून गोळा केलेल्या काळ्या तेलाची पिंपं, गाळायला जुन्या साड्यांची फडकी, सोनेरी रंग यायला कसलीशी पूड, आणि एका बाजूला स्वच्छ धुऊन पालथे घातलेले डबे. झाकणाखाली सीलची चकती चिकटवायचं छोटं यंत्रही होतं. पंचनामा केला, मुद्देमाल सील केला, तेल कंपनीचा अधिकारी बोलावून मालाची खात्री करून घेतली. फसवणुकीची आणि बनावट मालाची कलमं लागली.

आरोपी पूर्वी तेलाच्याच धंद्यात फिरता विक्रेता होता. हसतमुख, मराठी गोड. चौकशीत पहिले काही तास नुसतं कायद्यावर बोलला. मग मी त्याला आमच्या जीपचा गाळ एका वाटीत दाखवला आणि एवढंच विचारलं, "पूर्ण किमतीला का विकलंस? स्वस्त दिलं असतं तर जास्त खपलं असतं." त्याला राहवलं नाही.

"स्वस्त दिलं आसतं तर लोकांना शंका आली आसती, साहेब. महाग हाय म्हनूनच डोळं झाकून घेत्यात. आत काय हाय ते कुणाला कळतंय? डबा बघत्यात आन् किंमत बघत्यात."

तिथून पुढं तो सगळं बोलला.

गुन्हा उघडकीला आला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. अन्न व औषध प्रशासनानं बाईंच्या केंद्रावरून दुधाचा नमुना नेला होता, त्याचा अहवालही निर्दोष आला. तो घेऊन मी स्वतः त्या बाईंच्या केंद्रावर गेलो. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. शेडमध्ये रिकामे कॅन उपडे पडले होते. त्यांनी कागद घेतला, घडी केली.

"तेलवाला घावला, बरं झालं. पन साहेब, हा कागद मी कुणाकुणाच्या दारात न्हेऊ? जे झालं ते पारावर झालं. त्ये तिथंच मिटलं पायजे."

ते खरं होतं. मी पाटलांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "माझ्या कानाला दूधच ऐकू आलं, साहेब. मुद्दाम न्हाई केलं."

"ते मी मानतो, पाटील. पण त्यानं नदीजवळचं शेड म्हटलं. तुमच्या गावात दूध केंद्राची शेडं दोन. नदीच्या जवळचं तुमच्या चुलतभावाचं. बाईंचं शेड गावाच्या दुसऱ्या टोकाला. मग नाव बाईंचं कसं आलं?"

त्यांनी पागोटं उचलून परत डोक्यावर ठेवलं. मी उठलो नाही, तेव्हा म्हणाले, "उद्या पारावर सांगतो."

दुसऱ्या दिवशी दूध घालायच्या वेळेला पारावर माणसं जमली. मी गणवेशात होतो, पण एका बाजूला उभा राहिलो. बाई समोर उभ्या होत्या, पदर खोचून. पाटील उठले. त्यांना बोलायला जड जात होतं हे सगळ्यांना दिसत होतं.

"भंगारवाल्यानं मला गाडीचं तेल सांगितलं व्हतं. दूध ह्यो शब्द मी माझ्या पदरचा घातला. माझी चूक झाली."

माणसं कुजबुजली, दोघं-तिघं जायलाही निघाले. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आन् माझं नाव, आप्पा?"

सगळे थांबले. पाटलांनी माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही. शेवटी त्यांनी मान खाली घालून सांगितलं, "त्येबी मीच घातलं."

का घातलं ते बाईंनी विचारलं नाही. पारावर बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, आणि त्यातल्या बऱ्याचजणांनी विश्वासही त्याच कारणानं ठेवला होता. त्या वळल्या आणि केंद्राकडे चालायला लागल्या.

नंतर बहुतेक घरं हळूहळू परत आली. काही आली नाहीत, अहवाल वाचूनही आली नाहीत. पाटील मात्र स्वतः कॅन घेऊन आले, असं मला आमच्या बीट अंमलदारानं सांगितलं. बाईंनी त्यांना रांगेत उभं केलं, त्यांच्या दुधात सगळ्यांसारखंच लॅक्टोमीटर बुडवलं, डिग्री बघितली आणि म्हणाल्या, "बराबर हाय, आप्पा. वता."

निवृत्तीनंतर लोक मला हमखास विचारतात, साहेब, एवढं महाग सिंथेटिक तेल घ्यावं का? मी सांगतो, गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा. रोज लांब पल्ला मारणाऱ्या, भार ओढणाऱ्या, तापणाऱ्या इंजिनाला त्याचे पैसे वसूल होतात. आमच्या ड्रायव्हरचं म्हणणं त्यात खरंच होतं, खरं तेल घातल्यावर तीच जीप पुढं मुकाट चालली. गावातल्या गावात कॅन वाहणाऱ्या जुन्या मोटारसायकलला साधं तेल वेळेवर बदललं तरी पुरतं. पण कुठलंही घ्या, डबा आपल्यासमोर उघडून घ्या आणि रिकामा झाला की आपल्या हातानं त्याला भोक पाडा.

माझ्या हाताखाली नंतर जी पोरं आली, त्यांना मी खबर घेताना एकच प्रश्न विचारायला शिकवलं. यातले त्याचे शब्द कुठले आणि तुझे कुठले? बनावट तेलावर कलम आहे, पदरच्या शब्दावर नाही. त्यावर बोट ठेवायला त्या गावात त्या बाई स्वतः उभ्या राहिल्या म्हणून ते जमलं. नाहीतर मी निर्दोष अहवाल फायलीला लावून गुन्हा निकाली काढला असता, आणि त्यांचे कॅन तसेच उपडे राहिले असते.